पाण्याखालचे डरवेंट, पत्र्याचे बर्चिनली : प्रकल्प नोंदी

७ मे २०२२, शनिवार, लेस्टर

मराठी वर्गासाठी यंदा जी पुस्तिका काढायची आहे, तिचा विषय आज ठरला आणि तो मुलांकडूनच आला. ‘माझे गाव’ या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितले होते. लेस्टरमध्ये जन्मलेल्या या मुलांनी बहुतेक करून आजी-आजोबांच्या गावांबद्दल लिहिले होते, म्हणून मीही माझ्या आजोळाची हकीकत सांगितली. माझे आजोळ इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी होते आणि ते उजनी धरणाच्या पाण्यात गेले. मी पाहिले ते पुनर्वसनातले, सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्यांचे नवे गाव. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि मामा मंडळी ते पाहायला जातात, हेही सांगितले. त्यावर नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारले, “मग आपल्या इथल्या पाण्याखाली कोणाचं गाव आहे?”

याचे उत्तर मला अर्धवटच ठाऊक होते. डार्बिशायरमधील डरवेंट नदीच्या खोऱ्यातून लेस्टरला पाणी येते आणि तेथील लेडीबॉवर जलाशयाखाली डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावे गेली आहेत, एवढेच मी सांगू शकले. पुस्तिकेत त्या गावांचा इतिहास आणि तेथे ज्यांचे बालपण गेले अशा कोणाच्या तरी आठवणी, असे दोन भाग करावेत असे ठरवले आहे. तेथून निघताना जी शाळकरी मुले होती ती आज ऐंशी-नव्वदीत आहेत, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

नोंदी ठेवण्याची एक शिस्त पहिल्याच दिवशी घालून घेते. हाती येणारी प्रत्येक गोष्ट ‘पाहिलेले’, ‘ऐकलेले’ आणि ‘कागदावरचे’ अशा तीन खात्यांपैकी एकात लिहायची. माझ्या आजोळाबद्दल मला जे ठाऊक आहे ते जवळजवळ सगळे दुसऱ्या खात्यातले आहे, तरी बोलताना मी ते पहिल्या खात्यातले असल्यासारखे सांगते, हे आज वर्गात बोलता बोलता लक्षात आले.

१६ मे, सोमवार

‘कागदावरचे’ खाते उघडले. १८९९ साली संसदेच्या कायद्याने डरवेंट व्हॅली वॉटर बोर्ड स्थापन झाले. कारखान्यांमुळे झपाट्याने वाढलेल्या डार्बी, लेस्टर, नॉटिंगहॅम आणि शेफील्ड या शहरांना पाणी हवे होते. भरपूर पावसाचे उंच माळ, अरुंद दरी आणि विरळ वस्ती असे तिन्ही गुण या खोऱ्यात होते. पाण्याचे वाटे ठरले तेव्हा सर्वांत मोठा, एक तृतीयांशाहून अधिक वाटा लेस्टरला मिळाला. चारही शहरांत लेस्टरच खोऱ्यापासून सर्वांत लांब आहे. पुस्तिकेत ही गोष्ट ठळक अक्षरांत यायला हवी, कारण आपण राहतो त्या शहराचा या कहाणीशी असलेला संबंध तीत आहे.

धरणे तीन आहेत आणि लिहिणारे अनेकदा त्यांची सरमिसळ करतात. वरच्या अंगाचे हाउडन (१९०१ ते १९१२) आणि त्याखालचे डरवेंट (१९०२ ते १९१६) ही दोन्ही दगडी धरणे आहेत. सर्वांत खालचे लेडीबॉवर हे नंतरचे. आधीच्या आराखड्यात आणखी लहान जलाशय होते, त्यांच्याऐवजी पुढे हे एकच मोठे धरण बांधायचे ठरले. ते मातीचे असून पोटात चिकणमातीचा गाभा आहे. काम १९३५ ते १९४३ पर्यंत चालले, जलाशय पूर्ण भरायला १९४५ उजाडले आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला सहाव्या जॉर्ज राजाच्या हस्ते उद्घाटन झाले. गावे बुडाली ती या तिसऱ्या धरणात.

डरवेंट गावात १६७२ साली बांधलेला डरवेंट हॉल हा वाडा होता. १९३०च्या दशकात तेथे डोंगर फिरायला येणाऱ्या तरुणांचे वसतिगृह चालत असे. त्याखेरीज निमुळत्या उंच मनोऱ्याचे चर्च होते, शाळा होती आणि माल वाहणाऱ्या घोड्यांसाठी बांधलेला जुना दगडी पूल होता. अ‍ॅशॉप्टन हे रस्त्यावरचे गाव, शेफील्डहून डोंगरापलीकडे जाणाऱ्या वाटेवरचे. तेथे खानावळीसह मुक्कामाची सोय होती आणि मेथडिस्ट पंथीयांचे प्रार्थनागृह होते.

१२ जून, रविवार

माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या आजींना आज भेटले. त्या मूळच्या त्याच खोऱ्यातल्या. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून नोंदींत त्यांना ‘बाई’ एवढेच म्हणते. जन्म १९३६, म्हणजे वय ८६. ऐकायला थोडे कमी येते, बोलणे मात्र खणखणीत.

मी प्रश्नांची यादी नेली होती, ती पहिल्या पाच मिनिटांत बाजूला ठेवावी लागली. “गाव सोडताना काय वाटलं?” असे विचारल्यावर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मी सहा-सात वर्षांची होते. मला गाडीत पुढे बसायला मिळालं, याचाच आनंद झाला होता.” पुढे मी ‘काय वाटलं’ असे विचारलेच नाही. काय होते, कुठे होते, कोण काय करत होते, एवढेच विचारत गेले. मग बोलणे थांबेना.

‘पाहिलेले’ या खात्यातील नोंदी अशा. त्यांचे घर म्हणजे शेतातले दगडी घर, स्वयंपाकघराची फरशी इतकी झिजलेली की दाराजवळच्या खळग्यात सांडलेले दूध साचे आणि मांजर तेथेच येऊन बसे. शाळेची वाट ओढ्याकाठची, त्यामुळे हिवाळ्यात पायमोजे वर्गातल्या शेगडीच्या जाळीवर वाळत घालायचे. त्या ओल्या लोकरीचा वास म्हणजे शाळेचा वास, असे त्या म्हणाल्या. ओळखीच्या घरांच्या खिडक्या एकेक करून दिसेनाशा होऊ लागल्या. काढलेल्या चौकटी कुणी विकत नेल्या, कुणी नव्या जागी बसवल्या. खिडक्या नसलेले घर झोपलेले असते आणि छप्पर नसलेले मेलेले, अशी मुलांची आपापसातली भाषा होती.

त्या वसंतात विमाने आली. संध्याकाळच्या सुमारास दरीतून इतक्या खालून जात की बाई आणि त्यांचा भाऊ अंगणात पालथे पडत. विमाने गाव रिकामे करायला आली आहेत, अशी दोघांची समजूत होती. १९४३च्या वसंतात ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७व्या तुकडीने वरच्या डरवेंट धरणावर सराव केला आणि मे महिन्यात १६ व १७ तारखांच्या मधल्या रात्री जर्मनीतील धरणांवर हल्ला चढवला, हे ‘कागदावरचे’. डरवेंटच्या चर्चमधील शेवटची प्रार्थना त्याच वर्षी १७ मार्चला झाली, म्हणजे दोन्ही गोष्टी काही आठवड्यांच्या अंतराने घडल्या. मोठ्यांना त्यांचा एकमेकींशी संबंध नाही हे माहीत होते, मुलांना मात्र तो उघड दिसत होता. त्यांची समजूत ‘पाहिलेले’ याच खात्यात ठेवते, कारण ती त्यांची तेव्हाची खरी समजूत होती.

निघण्याच्या तोंडावर बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. जलाशय भरल्यावर चर्चचा मनोरा काही वर्षे पाण्याबाहेर राहिला होता आणि तो सुरुंग लावून पाडला तेव्हा त्यांनी बॅमफर्ड या जवळच्या गावातील शाळेच्या खिडकीतून तो कोसळताना पाहिला. आणि वादळी रात्री पाण्याखालून चर्चची घंटा ऐकू येत असे.

१८ जून, शनिवार

दोन्ही गोष्टी पडताळून पाहिल्या. मनोरा १५ डिसेंबर १९४७ रोजी पाडला. तो सोमवार होता, शाळेचा दिवस. इथवर बाईंचे सांगणे जुळते. पण मोठा नकाशा टेबलावर पसरून पट्टी ठेवली तेव्हा अडचण दिसली. बॅमफर्ड धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगाला आहे, डरवेंट गाव जलाशयाच्या वरच्या फाट्यात, दरी वळते त्याच्याही पलीकडे, आणि मध्ये डोंगराचे खांदे आहेत. शाळेच्या कोणत्याही खिडकीतून तो मनोरा दिसणे शक्य नव्हते.

घंटेचे त्याहून सोपे आहे. १७५७ सालची ती घंटा पाणी चढण्यापूर्वीच उतरवली होती आणि डार्बी शहरातील चॅडेस्डनच्या चर्चला दिली होती. पाण्याखाली वाजायला घंटा नव्हतीच.

त्यांचे चुकले असे सांगायला मन घेत नाही. आठवण सांगणाऱ्या माणसाला कागद दाखवून गप्प करणे यासारखे वाईट काम नाही. पण हे लपवून मुलांच्या हाती तसेच देणेही बरोबर नाही. पुढच्या भेटीत आधी नकाशा दाखवावा आणि त्या काय म्हणतात ते ऐकावे, असे ठरवले.

३ जुलै, रविवार, फेअरहोम्स

लेस्टरहून गाडीने सुमारे दोन तास लागले. फेअरहोम्सला आज वाहनतळ, माहिती केंद्र आणि बदकांना दाणे घालणारी मुले असतात. वरची दोन धरणे बांधली जात होती तेव्हा येथे दगड घडवण्याचे आवार होते. शनिवार-रविवारी पुढचा रस्ता मोटारींना बंद असतो, म्हणून डरवेंट जलाशयाच्या पश्चिम काठाने पायी निघालो. पाहायचे होते ते बर्चिनली, ज्याला इथले लोक आजही ‘टिन टाउन’, म्हणजे पत्र्याचे गाव म्हणतात.

बाईंच्या पहिल्या भेटीत एक गोष्ट ओघात आली होती आणि तेव्हा मी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. त्यांचे आजोबा मूळचे या खोऱ्यातले नव्हतेच. हाउडन धरणाच्या कामावर आलेले ते पाथरवट, आणि बाईंच्या वडिलांचा जन्म बर्चिनलीचा. काम संपल्यावर बाकीचे पांगले, हे कुटुंब मात्र खोऱ्यातच थांबले आणि शेतीवर लागले. पहिल्या दोन धरणांनी ज्यांना येथे आणले त्यांनाच तिसऱ्या धरणाने उठवले.

बर्चिनलीचा इतिहास मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून येथे सविस्तर लिहिते. त्याआधीच्या शतकात कालवे, बोगदे आणि लोहमार्ग खणणाऱ्या मजुरांना, ज्यांना इंग्रजीत ‘नॅव्ही’ म्हणत, कामावर मिळेल तो आडोसा घेऊन राहावे लागे. येथून उत्तरेला असलेल्या वुडहेड बोगद्याच्या कामावर (१८३९ ते १८४५) मजूर उघड्या माळावर दगड रचून केलेल्या झोपड्यांत राहिले आणि अपघातांत व रोगराईत माणसे गेली. ती बदनामी सगळ्यांच्या स्मरणात होती. वॉटर बोर्डाने मात्र कामाच्या आरंभीच मजुरांसाठी एक पूर्ण गाव वसवले. घरे नालीदार पत्र्याची, आतून लाकडाच्या अस्तराची. गावाला शाळा, रुग्णालय, दुकाने, टपाल कार्यालय, पोलीस ठाणे, स्नानगृह, करमणुकीचे सभागृह आणि दारू मिळण्याचे एकच, नियमांत बांधलेले उपाहारगृह होते. भरात असताना येथे ९००च्या वर माणसे राहत होती. कुटुंबवाल्यांना वेगळी घरे मिळत आणि एकट्या मजुरांची सोय मोठ्या घरांत असे. त्या घरांची व्यवस्था पाहणाऱ्या बाया स्वयंपाक, धुणी आणि अंथरुणे सांभाळत. धरणाच्या इतिहासात अभियंत्यांची नावे येतात, या बायांची येत नाहीत.

दगड ग्रिंडलफर्डजवळच्या बोल हिल खाणीतून येत असे. दहा लाख टनांहून अधिक दगड त्या खाणीतून निघाला. मुख्य लोहमार्गाने तो बॅमफर्डला येई आणि तेथून खास या कामासाठी घातलेल्या सुमारे सात मैलांच्या रुळांवरून वर चढे. पत्र्यावर पाऊस पडू लागला की शाळेतल्या बाई शिकवणे थांबवून मुलांना लिखाण देत, कारण बोललेले ऐकू येत नसे, असे बाईंचे वडील सांगत. हे ‘ऐकलेले’, तेही दोन तोंडांतून आलेले.

आज तेथे काय आहे? झाडीतून उतारावर कापलेल्या पायऱ्यांसारख्या सपाट पट्ट्या दिसतात. शेवाळलेल्या दगडी पायांच्या रांगा आहेत. एका ठिकाणी पायाच्या दोन दगडांमध्ये गंजून पातळ झालेला पत्र्याचा तुकडा अडकला होता, बोट लावताच त्याचा तपकिरी भुगा झाला. मी हात मागे घेतला आणि तो तुकडा तेथेच राहू दिला. १९१४च्या सुमारास काम आटोपत आले तेव्हा घरे उकलून विकली गेली. त्यांतले एक आजही होप या गावात उभे आहे आणि दुकान म्हणून वापरात आहे.

टिन टाउनचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एक गंमत म्हणून येतो आणि ‘वसाहत’, ‘छावणी’ असे शब्द त्याला लावले जातात. माझ्या मते हे बरोबर नाही. जेथे शाळा भरली, बाळंतपणे झाली, मुले एकमेकांशी भांडली आणि पाऊस कसा वाजतो हे तीस वर्षांनंतर आपल्या मुलीला सांगण्याजोगे ज्यांच्या मनात राहिले, ते गावच होते, मग ते बारा-तेरा वर्षेच टिकले असले तरी. पुस्तिकेच्या नकाशावर डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टनइतक्याच मोठ्या अक्षरांत बर्चिनली लिहायचे आहे.

१९ जुलै, मंगळवार

इंग्लंडमध्ये आज पारा पहिल्यांदाच ४० अंशांच्या वर गेला. काम फारसे झाले नाही. तळघरात बसून ध्वनिमुद्रणे ऐकली आणि उतरवून काढली.

२४ जुलै, रविवार

बाईंची दुसरी भेट. नकाशा दाखवला. शाळा कोठे, चर्च कोठे, हे त्यांनीच बोटाने दाखवले आणि दोन बोटांमधला डोंगरही त्यांनाच दिसला. त्या बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ते त्यानं पाहिलं.” त्यांचा थोरला भाऊ तेव्हा शाळा सोडून कामाला लागला होता. त्या दिवशी तो वरच्या अंगाला होता आणि रात्री जेवताना त्याने सगळे सांगितले. मनोरा आधी जागच्या जागी थोडा बसला आणि मग पडला, हे त्याने मिठाची बाटली टेबलावर ठेवून दाखवले होते. बाटली बाईंना अजून दिसते. भाऊ जाऊन वीस वर्षे झाली. “सत्तर वर्षं मी त्याचीच गोष्ट माझी म्हणून सांगत आले,” असे त्या म्हणाल्या. त्यांना त्याचे वाईट वाटले नाही, उलट भावाचे काहीतरी परत हाती लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

नोंद अशी दुरुस्त केली : मनोरा पडताना, ‘ऐकलेले’. मिठाची बाटली, ‘पाहिलेले’.

घंटेचे त्यांनीच हसून सांगितले. ती गोष्ट त्यांची आई सांगे, मुलांनी अंधार पडल्यावर पाण्याकडे जाऊ नये म्हणून. त्या काळात तरुण मुले पोहत मनोऱ्यापर्यंत जात आणि तो धोकादायक झाला म्हणूनच पाडावा लागला, हे लक्षात घेतले तर आईची गोष्ट उगीच नव्हती. बाईंनी तीच गोष्ट पुढे आपल्या मुलांना सांगितली आणि कधीतरी ती स्वतःची आठवण होऊन बसली. ही नोंद ‘ऐकलेले’ खात्यात, आईच्या कारणासह.

राजाच्या भेटीच्या दिवसाबद्दल विचारले. त्या दिवशी नवे बूट पायाला चावत होते, याखेरीज काही आठवत नाही. ‘पाहिलेले’ यातच लिहिते.

मग बाई मला मागच्या बागेत घेऊन गेल्या. कुंपणाशी रूबार्बचे, म्हणजे आंबट देठ शिजवून खातात त्या भाजीचे, एक प्रचंड झुडूप होते. अळवाहून मोठी पाने, लाल जाड देठ. १९४३ साली घर सोडताना त्यांच्या आईने स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या रूबार्बचा गड्डा फावड्याने फोडून पोत्यात भरून घेतला आणि विस्थापितांसाठी बांधलेल्या यॉर्कशायर ब्रिजच्या नव्या घरांपैकी त्यांना मिळालेल्या घराच्या मागे लावला. बाईंचे लग्न झाले तेव्हा त्यातला एक तुकडा त्यांच्याबरोबर आला. पुढे दोनदा घर बदलले, तेव्हाही आला. मी विचारले, आईने आणखी काय आणले होते? त्या म्हणाल्या की बाकीचे सगळे सामान घरातले होते, जमिनीतले असे हे एकच.

१८ सप्टेंबर, रविवार, डरवेंट

कोरड्या उन्हाळ्याने लेडीबॉवरचे पाणी खूप खाली गेले आहे आणि डरवेंटचे अवशेष उघडे पडले आहेत. याआधी १९७६, १९९५ आणि २०१८ सालीही ते असे वर आले होते. अ‍ॅशॉप्टन मात्र कधीच दिसत नाही. त्या गावातील घरे पाणी चढण्यापूर्वीच पाडून टाकली होती आणि त्यांच्यावर आता गाळाचे थर आहेत.

बाईंना बरोबर येता का असे विचारले होते. येईन म्हणाल्या, पण डरवेंटला नाही, बॅमफर्डला. म्हणून त्यांना नातीबरोबर बॅमफर्डच्या चर्चपाशी सोडून मी काठावर गेले.

तेथे मोठी गर्दी होती. वरच्या कुरणातून दगडी बांध उतरत येतात आणि पाण्याच्या रेषेपाशी न थांबता सरळ आत जातात, हे मी आधी छायाचित्रांत पाहिले होते. प्रत्यक्ष पाहताना त्या बांधांच्या कोरड्या सांध्यांत अडकलेला गाळ आणि त्यावर उगवलेले बोटभर हिरवे गवत दिसले. खाली भेगाळलेल्या चिखलात घरांचे पाये, फाटकाचे खांब आणि घडीव दगडांचे ढीग होते. एक उंबरा ओळखू आला. दगडाला मधोमध खळगा पडला होता, पावलांनी झिजून पडतो तसा. बाईंच्या घराचा तो नव्हे. त्यांचे शेत गावापासून दूर होते. तरीही दूध आणि मांजर आठवलेच.

लोक अवशेषांवर चढत होते, मुले दगड उचलून पाहत होती. २०१८ साली काहींनी या दगडांवर नावे खरडली आणि चिखलात रुतलेल्यांना बचाव पथकाला ओढून काढावे लागले. पुस्तिकेत मुलांसाठी स्पष्ट सूचना घालणार आहे : काठावरून पाहा, गाळात उतरू नका, दगड घरी आणू नका. हा कोणाच्या तरी घराचा दगड आहे, एवढे कारण मुलांना पुरते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

परत येताना भिंतीजवळचे दोन गोल सांडवे पाहिले. जलाशय भरलेला असताना पाणी त्यांच्या कडेवरून चारही बाजूंनी आत कोसळते. प्रत्येकाच्या तोंडाचा व्यास सुमारे २४ मीटर. आज दोन्ही कोरडे होते, दगडी फुलपात्रांसारखे उघडे.

बॅमफर्डला बाई दफनभूमीत बाकावर बसल्या होत्या. डरवेंटच्या चर्चच्या आवारातील मृतांना पाणी चढण्यापूर्वी उकरून येथे आणून पुन्हा पुरले, आणि त्यांत बाईंच्या आईकडचे पूर्वज आहेत. “गाव पाहायला लोक तिकडे जातात,” त्या म्हणाल्या, “पण गाव इथे आहे.” माझी आजीही पळसदेवचे देऊळ वर आले की मामांबरोबर कधी जात नसे. का, ते मी तिला कधी विचारले नाही. बाईंनाही विचारले नाही. नातीने डब्यातून आणलेला केक आम्ही तेथेच खाल्ला.

घोड्यांच्या पुलाबद्दल बाईंना ठाऊक होते ते असे की तो ‘कुठेतरी वर नेऊन ठेवला’. कागदावरचे असे : दगड न् दगड क्रमांक घालून उतरवला, साठवून ठेवला आणि १९५९ साली हाउडन जलाशयाच्याही वर, स्लिपरी स्टोन्स या ठिकाणी पुन्हा उभारला. तेथपर्यंत मुलांची सहल नेता येईल असे वाटते, मात्र ती पुढच्या उन्हाळ्यात.

८ ऑक्टोबर, शनिवार, लेस्टर

कच्ची प्रत वर्गात वाचली. तीन खात्यांची कल्पना मुलांना चांगलीच आवडली आणि त्यांनी ती लगेच माझ्यावरच वापरली. “पळसदेवचं देऊळ तुम्ही पाहिलंय की ऐकलंय?” या प्रश्नाला “ऐकलंय” असे उत्तर द्यावे लागले, आणि फळ्यावर माझ्या नावापुढे तसे लिहिले गेले. घंटेची गोष्ट काढून टाकावी असे मोठ्या मुलांचे मत पडले, कारण ती खरी नाही. धाकट्यांनी कडाडून विरोध केला. शेवटी ती ठेवायची, पण घंटा आज चॅडेस्डनमध्ये आहे हे वाक्य तिच्या लगेच खाली छापायचे, असे ठरले. आईचे कारणही राहील.

ज्याने मे महिन्यात प्रश्न विचारला होता त्याला मुखपृष्ठावरील नकाशाचे काम दिले आहे. लेस्टरपासून निघून डार्बीवरून वर जाणारी निळी रेघ त्याने काढली आणि बर्चिनलीसाठी पत्र्याच्या छपरासारखी नागमोडी अक्षरे केली. ती मला पसंत आहेत.

१३ नोव्हेंबर, रविवार

मुद्रिते तपासून झाली. बाईंची प्रत त्यांच्या नातीकडे दिली. नात त्यांना इंग्रजीतून वाचून दाखवील असा मजकूर मी वेगळा टाइप करून जोडला आहे, म्हणजे छापण्यापूर्वी त्यांना काही बदलायचे असल्यास बदलता येईल.

दुपारी नात पुन्हा आली, ती एक ओले पोते घेऊन. पाने गळून गेल्यावर बाईंनी स्वतः उभे राहून गड्डा फोडून घेतला होता. मुठीएवढे दोन डोळे, तांबूस, मातीने माखलेले. सूचना चिठ्ठीवर होत्या : खड्डा खोल हवा, तळाला शेणखत, डोळे मातीच्या वर राहू द्यावेत नाहीतर कुजतात, पहिल्या वर्षी एकही देठ तोडू नये, आणि पाने विषारी असल्याने मुलांना आधीच सांगून ठेवावे. कुंपणाशी, नळाच्या जवळ जागा केली. माती कोरडी वाटली म्हणून लावून झाल्यावर दोन झाऱ्या पाणी घातले.